कोरियातील बिऱ्हाड

प्रवासी निराळा आणि बिऱ्हाडकरू निराळा. प्रवासी परक्या गावी जातो, तेथील देवळे, किल्ले, बाजार पाहतो आणि आठ-पंधरा दिवसांनी आपल्या घरी परततो. बिऱ्हाडकरूला त्याच गावी मीठ कोणत्या दुकानी मिळते, केर कोणत्या वारी बाहेर ठेवावयाचा आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर कोणाला हाक मारावयाची, हे सारे शोधून काढावे लागते. प्रवासाची वर्णने मराठीत पुष्कळ आहेत. बिऱ्हाडाची त्या मानाने थोडी. म्हणून येथे एका बिऱ्हाडाचा विचार करावयाचा आहे, आणि तेही अशा देशातल्या, की जेथील लिपी, अन्न, हवा व चालीरीती ह्यांपैकी मराठी माणसाच्या ओळखीचे प्रथमदर्शनी काहीच नाही. तो देश म्हणजे दक्षिण कोरिया.

समजा, वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद गावचे एक तरुण जोडपे कोरियास निघाले आहे. पती अभियंता आहे. सोल ह्या राजधानीच्या दक्षिणेस सुवॉन नावाचे शहर आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या धंद्यासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. तेथे त्यास नोकरी मिळाली आहे. पत्नी आजवर शाळेत विज्ञान शिकवीत होती. पतीबरोबर जावयाचे म्हणून तिने ती नोकरी सोडली आहे. घरी काळ्या जमिनीत सोयाबीन आणि तूर पिकते. सासूबाईंनी बरोबर लोणच्याची बरणी, तिखट, मेतकूट आणि कुरडया बांधून दिल्या आहेत. अशी जोडपी आज महाराष्ट्रातून जगाच्या अनेक भागांत जातात. त्यांतलेच हे एक समजावे.

त्यांचे विमान इंचॉन येथे उतरते. इंचॉन हे बंदरही आहे, आणि ह्या बंदराशी भारताचा, किंबहुना महाराष्ट्राचाही, एक जुना संबंध आहे. १९५० साली उत्तर व दक्षिण कोरियांत युद्ध पेटले. १९५३ साली युद्धविराम झाला, तेव्हा मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांची राखण करण्यासाठी दोन्ही बाजूंना विश्वासाचे वाटेल असे सैन्य हवे होते. ते काम भारताकडे आले. ह्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे मराठी सेनानी. परंतु दक्षिण कोरियाचे त्या वेळचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्यांचा भारताच्या तटस्थ धोरणावर राग होता. भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा इंचॉनला आलेल्या सैनिकांना हेलिकॉप्टरांतून, जमिनीला पाय न लावता, दोन कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. तेथे कडक हिवाळ्यात तंबूंत राहून त्यांनी आपले काम पार पाडले आणि १९५४ च्या प्रारंभी ते परतले. पुढे दिवस पालटले. १९७३ साली भारत व दक्षिण कोरिया ह्यांच्यात राजदूतांच्या पातळीवरील संबंध प्रस्थापित झाले. ज्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल टाकता आले नाही, तेथे आता रिठदचे जोडपे आपल्या दोन पेट्या आणि लोणच्याची बरणी घेऊन उतरते.

उतरल्यावर पहिले काम कागदपत्रांचे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशीयाने आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत आपली नोंद करून ओळखपत्र घ्यावे लागते. ह्या ओळखपत्राच्या क्रमांकावाचून बँकेत खाते उघडणे कठीण आणि दूरध्वनी आपल्या नावावर घेणेही कठीण. कोरियन माणसाचे नाव बहुधा तीन अक्षरांचे असते: एक अक्षर आडनावाचे आणि दोन नावाची. त्यात किम, ली आणि पार्क ही तीनच आडनावे दर दहा माणसांत चौघांची तरी असतात. अशा देशात स्वतःचे नाव, मग पतीचे किंवा वडिलांचे नाव आणि मग आडनाव, अशी मराठी नावाची लांब आगगाडी नोंदपत्राच्या चौकटींत मावत नाही. कोठे शेवट तुटतो, कोठे वडिलांच्या नावालाच आडनाव समजले जाते. आणखी एक गंमत अशी, की कोरियात लग्नानंतर स्त्री आपले माहेरचे आडनाव बदलीत नाही. त्यामुळे पतिपत्नींचे एकच आडनाव पाहून कारकुनाला ती भाऊबहीण वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही.

मग घर. कोरियात घर भाड्याने घेण्याची एक विलक्षण रीत आहे. तिला जॉन्से म्हणतात. भाडेकरूने घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होईल एवढी रक्कम एकदम मालकाकडे ठेवावयाची, बहुधा दोन वर्षे भाडे न देता राहावयाचे आणि घर सोडताना ती रक्कम परत घ्यावयाची. मुंबईतही मोठी अनामत देऊन बिनभाड्याने राहण्याचा प्रकार आहे, त्याच जातीचा हा व्यवहार. नव्याने आलेल्या जोडप्यापाशी एवढा पैसा कोठून असणार? त्यांनी थोडी अनामत आणि दरमहा भाडे ह्या साध्या रीतीने घर घ्यावे, हेच बरे. घर म्हणजे उंच इमारतीतले तीन खोल्यांचे बिऱ्हाड. अशा इमारती एका ओळीत एकसारख्या उभ्या असतात. चुकू नये म्हणून प्रत्येकीच्या भिंतीवर मोठा क्रमांक रंगविलेला असतो. दाराला किल्ली नाही. आकडे दाबून कुलूप उघडावयाचे. उद्‌वाहनात पुष्कळदा चार ह्या आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षर दिसते, कारण कोरियन भाषेत चार ह्या अर्थाचा 'सा' हा शब्द आणि मृत्यू ह्या अर्थाचा शब्द उच्चाराने सारखेच आहेत. यंत्रयुगात इतका पुढे गेलेला देश आणि चाराला भितो, ह्याचे नवल वाटेल. परंतु तेराव्या मजल्याला किंवा आडव्या जाणाऱ्या मांजराला भिणारी माणसे कोणत्या देशात नाहीत?

ह्या घरात शिरताच रिठदच्या सुनेला पहिली गोष्ट ओळखीची दिसते. दारापाशी जमीन थोडी खोल केलेली असते. तेथे पादत्राणे काढावयाची आणि मग वर चढावयाचे. जोडे घालून घरात फिरणे कोरियन माणसाला तितकेच असह्य होते, जितके आपल्याकडे स्वयंपाकघरात चपला घालून येणे. परंतु कोरियातील ह्या रिवाजाचे मूळ जमिनीत, अगदी शब्दशः, दडलेले आहे. तेथील हिवाळा फार कडक. जानेवारीत पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत पुष्कळदा उतरतो. ह्या थंडीवर कोरियन लोकांनी प्राचीन काळीच एक उपाय काढला. चुलीचा धूर धुराड्यातून सरळ वर न सोडता त्यांनी तो जमिनीखालून नेला. जमिनीखाली दगडी वाटा, त्यांवर सपाट शिळा आणि त्यांवर तेल पाजलेला जाड कागद. चुलीवर भात शिजे आणि त्याच विस्तवाने पलीकडच्या खोलीची जमीन तापे. ह्या रचनेला ओन्दोल म्हणतात. चुलीजवळची जागा सर्वांत उबदार. ती घरातील वडील माणसाची किंवा पाहुण्याची. जमीन ऊबदार म्हणून बसणे जमिनीवर, जेवणे जमिनीवर, निजणेही जमिनीवर. आणि जेथे निजावयाचे तेथे जोडे कसे चालतील? आता धुराच्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आल्या आहेत, परंतु विसाव्या मजल्यावरच्या घरातही तापते ती जमीनच. रिठदला उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा सारवलेली जमीन अंगाला गार वाटते. ह्या घरातली जमीन अंगाला ऊब देते. पहिल्या हिवाळ्यात पत्नी दुपारची त्या जमिनीवर आडवी होते, तेव्हा घर हे आपले होऊ शकेल असे तिला प्रथम वाटते. अर्थात महिनाअखेरीस गॅसचे देयक येते, तेव्हा ही ऊब जपून वापरावयाची वस्तू आहे हेही समजते!

येथवरच्या गोष्टी पतिपत्नींनी मिळून केल्या. परंतु पुढचे दिवस दोघांचे सारखे नसतात, आणि हे नीट समजून घेतले पाहिजे. पती सकाळी कामावर जातो. तेथे त्याला काम आहे, सोबती आहेत, बरेचसे लोक थोडेफार इंग्रजी बोलतात. पत्नीला मात्र पतीच्या आश्रयाने राहण्याची अनुज्ञा आहे. त्या अनुज्ञेवर साधारणतः नोकरी करता येत नाही. काल जिच्यापुढे पन्नास मुले बसत होती, तिला आज दुकानातल्या पिशवीवर मीठ लिहिले आहे की साखर, हे कळत नाही. घरी दूरध्वनी करावा तर घड्याळ आडवे येते. कोरियाचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. रिठदला रात्रीची जेवणे उरकून सासूबाई नऊ वाजता निवांत होतात, तेव्हा सुवॉनला साडेबारा वाजलेले असतात. पती दमून आलेला असतो. त्याला बोलावयाचे नसते. तिला दिवसभर कोणाशी बोलावयास मिळालेले नसते. परदेशी गेलेल्या पुष्कळ संसारांतली पहिली कुरबूर ह्या जागी उगम पावते. गंमत अशी, की घराची वाट सोपी करण्याचे कामही तिच्याच वाट्याला येते, कारण दुकानदार, शेजारीण, टपालवाला आणि केराच्या कोठीजवळचा रखवालदार ह्यांच्याशी गाठ पडते ती तिची. पतीचे चार महिने इंग्रजीवर भागतात. तिचे चार दिवसही भागत नाहीत. म्हणून भाषा आधी शिकते ती पत्नी.

सुदैवाने ह्या कामात कोरियाचा एक राजा तिला साहाय्य करतो. पूर्वी कोरियात लिहिणे चिनी लिपीत चाले. हजारो चित्राक्षरे पाठ करण्यास ज्याला अनेक वर्षांची सवड असे तोच साक्षर होई. शेतकरी, कारागीर, स्त्रिया ह्यांना ते साधणे कठीण. सेजोंग नावाच्या राजाला हे बरे वाटले नाही. १४४३ साली त्याने अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. विद्वान दरबाऱ्यांनी विरोध केला. राजा ऐकला नाही. तीच आजची हंगुल लिपी. आता तीत चौदा व्यंजने आणि दहा स्वर अशी चोवीस मूळ अक्षरे आहेत. दक्षिण कोरियात दर वर्षी ९ ऑक्टोबर हा ह्या लिपीचा सण म्हणून पाळतात आणि त्या दिवशी सुट्टी असते. लिपीसाठी राष्ट्राने सुट्टी घ्यावी, ही गोष्ट कोणाही भाषाशिक्षकाला हेवा वाटावा अशी आहे.

हंगुल शिकणे विज्ञानाच्या शिक्षिकेला विशेष आवडते, कारण ती शास्त्रावर उभी आहे. आपण वर्णांना कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य म्हणतो, ते मुखातील स्थानावरून. सेजोंगने अक्षरांचे आकारच त्या स्थानांवरून काढले. 'म'चे अक्षर मिटलेल्या तोंडासारखे चौकोनी. 'न'चे अक्षर दातांमागे टेकलेल्या जिभेच्या वळणाचे. 'स'चे दाताच्या आकाराचे. 'क'च्या अक्षरात एक रेघ वाढविली की 'ख' होतो. क आणि ख ह्यांतील भेद इंग्रजाच्या कानाला पकडता येत नाही. मराठी मूल तो पहिलीतच शिकते. शिवाय आपण जशी जोडाक्षरे मांडतो, तशी हंगुलची दोन, तीन किंवा चार अक्षरे एका चौकोनात बसवून एक अवयव लिहितात. आठवड्याच्या आत ती दुकानांच्या पाट्या अक्षर लावून वाचू लागते. पुष्कळ पाट्यांचा अर्थ लागत नाही. मग एकदम 'खॉफी' असे वाचले जाते आणि ती कॉफी आहे हे ध्यानात येऊन ती रस्त्यात एकटीच हसते.

व्याकरणातही मराठी माणसाला घरच्यासारखे वाटेल असे पुष्कळ आहे. कोरियन वाक्यात कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी येते. 'हाक्क्यो' म्हणजे शाळा. 'हाक्क्यो-ए काम्निदा' म्हणजे 'शाळे-ला जातो'. प्रत्यय नामाच्या मागे लागतात, पुढे नव्हे. मूल आईला 'ऑम्मा' म्हणते आणि बापाला 'आप्पा'! आणि तू, तुम्ही, आपण हा आदराचा भेद जाणणाऱ्या मराठी माणसाला कोरियन भाषेतील आदरार्थी क्रियापदांचे मर्म चटकन समजते, जरी तेथील पायऱ्या आपल्याहून अधिक आणि अवघड आहेत. तेथे पहिल्याच भेटीत वय विचारतात, ते चौकशीखोरपणाने नव्हे. समोरचा मनुष्य वडील की धाकटा हे कळल्यावाचून क्रियापदाचे रूप निश्चित होत नाही. ह्या वयाचीही एक कथा आहे. मूल जन्मतःच एक वर्षाचे धरावयाचे आणि दर नववर्षदिनी त्यात एक मिळवावयाचे, अशी तेथे जुनी गणना होती. त्यामुळे डिसेंबरअखेरीस जन्मलेले बालक दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे होई. २०२३ च्या जूनपासून कायद्याच्या कामी ही गणना बंद करून जगाप्रमाणे वय मोजण्याचे ठरले. नोकरीवर असलेल्या पतीला हे सारे उशिरा कळते. वडील सहकाऱ्याला पेला देताना दोन्ही हात पुढे करावयाचे, त्याने चमचा उचलल्याशिवाय आपण जेवावयास लागावयाचे नाही, ह्या गोष्टी पत्नी शेजारणीकडून शिकून त्याला सांगते. न्यायखात्याने परदेशीयांसाठी २००९ पासून चालविलेले भाषेचे वर्गही आहेत. ते २०२४ अखेरपर्यंत विनामूल्य असत, आणि तेथे पत्नीला अनेक देशांच्या स्त्रिया भेटतात. साऱ्या एकमेकींशी मोडक्या कोरियनमध्ये बोलतात, आणि कोणी कोणाला हसत नाही.

शेजारणीची ओळख मात्र केरापायी झाली. आपल्याकडून एखादी चूक घडते आणि तीतून ओळख होते, असे परक्या गावी फार वेळा होते. कोरियाचा बराच मोठा भाग डोंगरांनी आणि रानांनी व्यापलेला आहे. माणसे सपाट भागात दाटीने राहतात. केर पुरण्यास जागा कोठून आणावी? म्हणून १९९५ पासून तेथे असा नियम आहे, की ज्याचा केर अधिक त्याने पैसे अधिक द्यावे. नगरपालिकेने छापलेल्या पिशव्या दुकानांत विकत मिळतात. त्यांतच केर भरावयाचा. पिशवीच्या किमतीतच केराची पट्टी आली. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक ही वेगवेगळी ठेवावयाची. उरलेल्या अन्नाचा डबा निराळा. एके दिवशी पत्नीने त्या अन्नाच्या डब्यात कांद्याची साले आणि अंड्याची टरफले टाकली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक वृद्धा आली, तिने हातानेच नको-नको केले आणि ती साले वेचून काढली. पत्नीला अपमान वाटला. ती घरी येऊन रडली, आणि त्या दिवशी केर टाकण्यास पुन्हा खाली गेली नाही. कांद्याची साल हे अन्न नव्हे, तर काय? ह्याचे उत्तर तिला पुढे भाषेच्या वर्गात मिळाले. तेथील गोळा केलेल्या अन्नाचे पुष्कळ अंशी पशुखाद्य आणि खत करतात. २००५ पासून अन्नाचा केर तसाच जमिनीत पुरण्यास बंदी आहे. म्हणून जे जनावर खाऊ शकेल ते अन्नाच्या डब्यात. हाडे, कवच्या, टरफले, कांदा-लसणाची साले दुसरीकडे. हे ऐकताच शेतकऱ्याच्या घरच्या त्या सुनेला सारा नियम एका क्षणात पाठ झाला. गुरांपुढे काय टाकावयाचे आणि काय नाही, हे रिठदला तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने त्या वृद्धेला वाकून नमस्कार केला आणि 'काम्साहाम्निदा', म्हणजे 'आभारी आहे', असे म्हटले. वृद्धेने पुष्कळ काही उत्तर दिले. त्यातले एक अक्षरही तिला कळले नाही. तरीही दोघी हसल्या.

अन्नाचा प्रश्न अधिक कठीण. घरून आणलेले तिखट आणि मेतकूट किती दिवस पुरणार? तूरडाळ आणि कणीक सोलमधील इटेवॉन भागात मिळते. तेथे १९७६ साली मोठी मशीद बांधली गेली. तिच्या आसपास परदेशी जिन्नसांची दुकाने आहेत. परंतु दर आठवड्याला डाळीसाठी सोलला कोण जाणार? शाकाहारी मनुष्याची तर पंचाईतच. भाजी दिसते ती भाजी नसते. तिच्यात माशांचा रस किंवा सुकी कोळंबी असते. किमची म्हणजे मीठ, मिरची, लसूण घालून आंबविलेली कोबीची भाजी. तीतही बहुधा तेच. ह्या बाबतीत बौद्ध मठांतील स्वयंपाक मात्र अपवाद आहे. तेथे मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्याकडील चातुर्मास पाळणाऱ्या आजीबाईंना तो स्वयंपाक पसंत पडावा.

बाजारात नीट हिंडल्यावर मात्र तिला एक शोध लागला, आणि तो तिने त्याच दिवशी घरी कळविला. तो सोयाबीनचा. रिठदच्या परिसरात गेल्या काही दशकांत सोयाबीन हे पैशाचे मोठे पीक झाले आहे. परंतु ते शेतातून बाजार समितीत आणि तेथून तेलाच्या कारखान्यात जाते. पेंड निघते ती पशुखाद्याकडे. पिकविणाऱ्याच्या ताटात ते क्वचितच येते. कोरियात ह्याच दाण्यावर निम्मा स्वयंपाक उभा आहे. दाणे शिजवून, कुटून त्यांचे विटेसारखे गोळे करतात, ते टांगून वाळवितात, मग मिठाच्या पाण्यात मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने आंबवितात. वरचे पाणी ते सोयाबीनचे काळे पाणी, आणि खालचा लगदा तो द्वेन्जांग. ह्या लगद्याचे कालवण तेथे आपल्या वरणाइतके रोजचे. त्याच दाण्याचे मोड ते भाजी करून खातात आणि त्याच्याच दुधाचे पनिरासारखे तुकडेही करतात. हे रांजणातले आंबविण्याचे ज्ञान २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविले. 'आपण जे पोत्यांनी विकतो, ते हे लोक वाटीवाटीने जपतात', असे तिने दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा सासऱ्यांनी आधी विचारले, 'तिकडे भाव काय आहे?' शेतकऱ्याचा हा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

दुसरा शोध ज्वारीचा. कोरियन भाषेत तिला 'सुसू' म्हणतात. तेथे ज्वारी भातात मिसळून शिजवितात, आणि लहान मुलांच्या वाढदिवसाला ज्वारीच्या पिठाचे, लाल चवळीसारख्या दाण्यांचा चुरा लावलेले गोळे करतात. त्यांनी मुलाची इडापिडा टळते अशी समजूत आहे. पतीने मोठ्या आशेने ज्वारीचे पीठ आणले. परंतु तेथील ज्वारी बहुधा चिकट जातीची. थापलेली भाकरी तव्याला बिलगली ती निघेचना. शेवटी ती उलथन्याने खरवडून दोघांनी दुधाशी खाल्ली. भाकरी नव्हती, पण वास भाकरीचा होता.

कडक हिवाळा सुरू होण्यापूर्वी, नोव्हेंबरच्या सुमारास, इमारतीच्या अंगणात कोबीचे ढीग येऊन पडले. हिवाळाभर पुरेल एवढी किमची ह्या दिवसांत एकदम घालावयाची असते. एका घरच्या बायकांनी हे काम आवरत नाही. नातलग आणि शेजारणी जमतात. ह्या सामुदायिक कामाला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने तेही आपल्या यादीत घेतले. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या बायका एकमेकींच्या अंगणात जमून पापड, कुरडया करतात, तसेच हे. तेथे तिखटाची रास पाहून तिला आनंद झाला. मिरची आपल्याकडे आली तशीच कोरियातही अमेरिका खंडातून, गेल्या चार-पाच शतकांत आलेली. आणि दोन्हीकडच्या लोकांना ती पूर्वापार आपलीच वाटते. केराच्या डब्यापाशी भेटलेली ती वृद्धा तेथे होती. तिने एक लहान डबा निराळा भरला होता. त्यात मासे, कोळंबी काही घातले नव्हते. ह्या परदेशी मुलीला काय चालत नाही, हे तिने केव्हा टिपून ठेवले होते कोण जाणे. आपल्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. चार दिवसांनी तो डबा परत गेला तेव्हा त्यात रिठदच्या आंब्याचे लोणचे होते. ते वृद्धेला आवडले की नाही हे कळले नाही. परंतु तिने पुढच्या वेळी मोठा डबा पाठविला.

कोरियन माणसाच्या घरचा मोठा सण छुसॉक. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेला तो येतो. नवीन धान्याचा नैवेद्य दाखवून पूर्वजांचे स्मरण करावयाचे, त्यांच्या समाधींवरचे गवत कापावयाचे, असा त्याचा विधी. सारे शहर आपापल्या मूळ गावी जाते. दुकाने बंद, रस्ते ओस. पहिल्या वर्षी त्या ओस शहरात हे जोडपे फार उदास झाले. दुसऱ्या वर्षी पत्नीने पंचांग काढले. ही पौर्णिमा पुष्कळ वर्षी आपली भाद्रपदी पौर्णिमा असते. तिच्या दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे पितृपक्ष लागतो. काही वर्षी, महिना पुढे सरकला की, तीच कोजागरी होते. २०२५ साली तसेच झाले. त्या रात्री दोघांनी गच्चीवर आटीव दूध नेले. शेजारणीने गावी जाण्याआधी दिलेले भाताच्या पिठाचे वाफविलेले, अर्ध्या करंजीच्या घाटाचे गोड तुकडे बरोबर होते. त्यांना वाफविताना खाली घातलेल्या सूचिपर्णी पानांचा वास येत होता.

नोंदीची मुदत वाढविण्याचा दिवस आला, तेव्हा ती दोघे पुन्हा कचेरीत गेली. पहिल्या वेळी अर्ज कंपनीच्या माणसाने भरून दिला होता. ह्या वेळी तो तिने भरला. मायदेशातील पत्ता ह्या रकान्यात इंग्रजी चालते. तरीही तिने आधी हंगुलमध्ये गावाचे नाव लिहून पाहिले. कोरियन भाषेत 'ठ' नाही, त्यास 'थ'वर भागवावे लागते. आणि शब्दाच्या शेवटी असलेला 'द' स्वरावाचून उभा राहत नाही. तीन चौकोनांत गाव मावले: रि, था, दु. कारकुनाने ते मोठ्याने वाचले आणि हे कोठे आहे, असे विचारले. तिने सावकाश, आदरार्थी क्रियापद शेवटी ठेवून, त्याला सांगितले.